थांबा-ताईंनी अडवलेली पिशवी

थांबा-ताईंनी सख्ख्या भावजयीला मरायला सोडलं होतं, असं आमच्या गल्लीत कुजबुजलं जायचं. कुजबुजणाऱ्यांत मीही होतो. आता उगाच साळसूदपणा कशाला? म्हणे, आईच्या बांगड्यांवरून दोघींचं वाजलं होतं, त्याचा ताईंनी वचपा काढला.

ताई रक्तपेढीत कामाला. रक्त द्यायला आलेल्याचा हात औषधाने अर्धं मिनिट चोळायचा, मग अर्धं मिनिट वाळू द्यायचा. कोणी “झालं ना?” म्हटलं की यांचं ठरलेलं, “थांबा.” तेच नाव पडलं. कातडीवरचे जंतू सुईबरोबर पिशवीत गेले की आत वाढत बसतात. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सच्या पिवळसर पिशव्या फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत. खोलीतल्या उबेत, यंत्रावर डोलत ठेवाव्या लागतात. जंतूंना आयतं माहेर.

भावजय बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. तिला चालेल अशी प्लेटलेट्सची एकच पिशवी उरली होती, चार दिवसांपूर्वीची. ताईंनी ती उजेडात धरून हलवली. चांगल्या पिशवीत धुराच्या वळशांसारखी चमक फिरते. हिच्यात ती नव्हती. तळाशी बारीक गाठी होत्या.

“ही देणार नाही,” त्या भावाला म्हणाल्या.

“ताई, चष्मा लाव आणि दे.”

“लावलाय. दुसरी मागवलीय, तीन तासांत येईल.”

“तोवर ती गेली तर?”

ताईंनी पिशवी बाजूला ठेवून दिली.

“तुझ्या पोटची असती तर दिली असतीस.”

“तरी नसती दिली.”

“मग आजपासून तुला भाऊ नाही.”

दुसरी पिशवी आली, भावजय वाचली. आज तीन जिने चढून आमच्याकडे आली तरी तिला दम लागत नाही. वरून तासभर चुगल्या करते. भावाचं दार मात्र बंद झालं ते झालंच. ताई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून टीव्ही मोठ्याने लावतात. तेव्हा जन्मलेली भाची आता कॉलेजात जाते. रस्त्यात भेटली तर “नमस्ते काकू” म्हणते. आत्या म्हणायचं तिला कोणी शिकवलंच नाही.

मी एकदा ताईंना त्यांच्या घरी विचारलं, “त्या पिशवीची तपासणी झाली असेल ना? रिपोर्ट भावाच्या तोंडावर का नाही मारलात?”

“थांबा, दूध उतू जातंय,” म्हणत त्या आत गेल्या. गॅसवर काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी सांगितलं. रक्तपेढीच्या साहेबांना त्यांनी हे तेव्हाच सांगितलं होतं. भावाला कधीच नाही.

पिशवीत जंतू होते. रक्त देणाऱ्याचा हात ताईंनीच पुसला होता. पुसून झाल्यावर शीर सापडेना, म्हणून त्यांनी त्याच जागी बोटाने पुन्हा चाचपलं आणि परत न पुसताच सुई टोचली.