समोरच्यालाही मिळणार?

मुलुंडच्या बाजारात फुटपाथवर बसून तो कुकर दुरुस्त करायचा. झाकणावरची शिट्टी काढायची, तोंडाला लावून जोरात फुंकायची आणि लेंग्याला पुसून परत बसवायची, ही त्याची सवय. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा त्याच्या मोबाइलवर चर्चा चालू होती. सरकारने गरीब-श्रीमंत न बघता प्रत्येकाला दर महिन्याला ठरावीक पैसे द्यावेत का?

मी विचारलं, "काय हो, मिळाले तर बरं ना?"

"मिळाले तर झकास! दुपारच्या उन्हात तरी घरी जाऊन पडेन." मग त्याचा हात थांबला. "सगळ्यांना म्हणजे त्या चावीवाल्यालापण?"

समोरच्या चावीवाल्याशी सावलीच्या जागेवरून त्याचं रोजचं भांडण होतं.

"हो, त्यालापण."

"मग राहू दे. आहे तेच बरं."

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मी हा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. मग एकाने विचारलं, "म्हणजे आमच्या कामवालीलापण मिळणार?"

हसणं थांबलं. सगळ्यांना एकदम देशाची काळजी वाटायला लागली. लोक आळशी होतील, म्हणाले.

कुकरवाल्याने मध्ये देशाला तरी आणलं नव्हतं.