येऊन राहिलो

माझा नवरा मुखेडकडचा, मी सांगलीची. आमच्यातला पहिला गैरसमज व्याकरणाचा होता. लग्नानंतर एकदा तो ऑफिसातून फोनवर म्हणाला, "येऊन राहिलो." मी विचारलं, "कुठे राहिलात?" नांदेडच्या घरात सगळे हसले. इकडे 'येऊन राहिलो' म्हणजे येतो आहे. मी ते समजून घेतलं, पण स्वतः कधी तसं बोलले नाही.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला मावशीकडे होते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. फोन लागत नव्हते. तो नांदेडहून दुधाच्या टँकरमध्ये बसून निघाला आणि दुपारी आम्ही बसलो होतो त्या मैदानात येऊन उभा राहिला. एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्यात शेजाऱ्याची. मी रडले. मावशीनं ती चप्पल सगळ्या गल्लीला दाखवली.

पुढे कित्येक वर्षं मला त्या चपलेच्या नावावर गप्प बसवण्यात आलं. मी काही तक्रार केली की सासूबाई म्हणायच्या, "अगं, भूकंपात धावत आलेला माणूस हाय तो. अजून काय पाहिजे तुला?"

मुलगी अकरावीला गेली. तिला लातूरचेच क्लास हवे होते. मी ज्या दैनिकात काम करते त्याच्या लातूर कार्यालयात बदली मागितली. अर्ज एका पानाचा होता, मंजुरी आठवड्यात आली. नवऱ्याच्या खात्याचं कार्यालयही लातूरला होतं. तिथली जागा रिकामी आहे, हे त्यानंच सांगितलं होतं. तोही अर्ज करणार असं ठरलं.

"अर्ज केलात?" मी दर रविवारी फोनवर विचारायची.

"करून राहिलो ना!"

मी आणि मुलीनं भाड्यानं खोली घेतली त्या इमारतीत सगळ्या क्लासवाल्या मुलांच्या आया होत्या. समोरच्या खोलीतली नायगावची बाई शिक्षिका होती, बिनपगारी रजेवर आलेली. ती म्हणायची, "आपण सगळ्या विरहिणीच की ताई. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या."

कार्यालयात माझ्याकडे रविवारची पुरवणी होती. तिच्यात जुन्या प्रेमकथांचं सदर होतं, वाचकांचं लाडकं. मी त्यांची भाषा सुधारायची. राजकन्या बारा वर्षं वाट पाहते. त्या बारा वर्षांत तिच्या घरचा सिलिंडर संपत नाही, कुणाला डेंग्यू होत नाही. नायक समुद्र ओलांडतो. अर्जाचा नमुना भरून साहेबाच्या टेबलावर ठेवायची वेळ त्याच्यावर येत नाही. दोघं भेटली की मजकूर संपतो. भेटीनंतरचा मजकूर कुणी लेखकानं पाठवला नाही.

मुलीला डेंग्यू झाला तेव्हा नवरा आला. दोन दिवस तिच्या उशाशी बसला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तो सकाळच्या एसटीनं परत गेला. संकट असलं की तो येतो. मला साधा मंगळवार हवा होता.

मुलीचा बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर सामान न्यायला तो टेम्पो घेऊन आला, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. गाद्या स्वतः खाली नेल्या. घरमालकीण म्हणाली, "नशीब लागतं बाई असा नवरा मिळायला."

मी विचारलं, "तो अर्ज?"

"अगं, ते राहूनच गेलं बघ." तो दोरी आवळत होता. "आता काय गरज? पोरीचं झालं ना."

त्याच्या आवाजात अपराधीपणा नव्हता. त्याची बदली मी मुलीसाठी मागते आहे असं तो दोन वर्षं समजत होता. फोनवर अर्जाचं विचारताना मुलीचा मी एकदाही उल्लेख केला नव्हता.

माझं टेबल आणि एक गादी मी टेम्पोत चढवू दिली नाही.

"हे राहू द्या. माझी बदली अजून इथंच आहे."

"मग परत बदलीचा अर्ज कर की. नांदेडला कधी येतेस?"

"येऊन राहिले," मी म्हणाले.

त्याला ते पटलं. मुलीला घेऊन तो पुढच्या सीटवर बसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चला."