टोकन घ्या, घरी जा!

पंचेचाळिसाव्या वर्षी बी.बी.ए. करणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. फ्रीजच्या दारात सॉसच्या पुड्या साचतात तसे ते साचतात. टाकवत नाहीत, आणि चार माणसं जमली की बाहेर काढावेसे वाटतात!

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत क्लार्क. मॅनेजरसाहेब रिटायर होणार. खुर्ची माझीच, फक्त डिग्री पाहिजे. म्हणून सकाळी कॉलेज, मग ऑफिस. शेवटच्या वर्षाचे बाकी विषय आटोक्यात होते, अडकला तो एकच. ऑपरेशन्स मॅनेजमेंट. म्हणजे माल कसा बनवायचा, रांग कशी हलवायची, वेळ कुठं वाया जातो, याचं शास्त्र. हा विषय सुटला तर खुर्ची माझी. नाहीतर माझ्यानंतर लागलेल्या पाटलाची!

*

आधीची दोन वर्षं मी दुसऱ्या कॉलेजात काढलेली, त्यामुळं इथं पोरांना मी नवीन. पहिल्या तासाला मी वर्गात शिरले आणि सगळी पोरं उठून उभी राहिली. मीही सवयीनं "बसा, बसा" म्हटलं. तेवढ्यात दारात एक सडपातळ तरुण. हे आमचे सर, नवीनच लागलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातल्या टाइमटेबलकडं बघितलं.

"सॉरी मॅडम, माझा तास पुढचा असेल," म्हणाले आणि निघून गेले!

तास ऑफ. सगळी पोरं कँटीनला. त्या दिवसापासून वर्गात माझी वट आहे.

*

सरांनी जस्ट-इन-टाइम शिकवलं. साठा करायचा नाही, लागेल तेव्हाच मागवायचं. साठा म्हणजे वेस्ट! मला हे इतकं पटलं की मी घरातले डबे भरायचेच बंद केले.

रविवारी नेसरीचे पावणे न सांगता दारात. घरात नुसता तांदूळ. मिस्टर मटणाच्या रांगेत, आणि मी आत चहावर चहा करतेय. दुपार टळली तेव्हा चुलतदीर सोफ्यावरनं म्हणाले,

"वहिनी, जेवण रातचं हाय काय? तसं असंल तर जरा झोपतो!"

*

मग आलं बॉटलनेक. काम जिथं तुंबतं ती जागा. सर म्हणाले, आपापल्या घरातला शोधून आणा. माझ्या बाकावरच्या सानिकाला लगेच सापडला. बाथरूम, आणि आत भाऊ!

मी मात्र रीतसर अभ्यास केला. आठवडाभर मोबाईलवर स्टॉपवॉच लावून सगळ्यांच्या मागं मागं. डबे कुठं अडतात, अंघोळी कुठं अडतात, चहा कुठं अडतो. शेवटी चार्ट काढला. सगळ्या रेघा एकाच ठिकाणी येऊन तुंबत होत्या. माझ्यापाशी.

सासूबाईंनी चार्ट निरखून बघितला. "हे मला इचारलं असतंस, तर तुझं लगीन झालं त्याच आठवड्यात सांगितलं असतं की!"

*

आणि मग प्रोजेक्ट. पास-नापास यावरच. एखाद्या रांगेतला थांबायचा वेळ कमी करून दाखवायचा. ग्रुपमध्ये सानिका, प्रथमेश आणि मी.

"काकू, तुमची कुठं ओळख?" प्रथमेशनं विचारलं.

ओळख होती. थोरल्या जाऊबाईंचा चटणी कुटायचा डंक आहे. उन्हाळ्यात अख्खी पेठ वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, कुटून घ्यायला तिथं लोटते. आमचा उपाय सोपा होता. मिरची ठेवा, टोकन घ्या, घरी जा. कुटून झाली की मेसेज येईल. मी छाती पुढं काढून सरांना सांगितलं, "सर, रांगच संपवते!"

पहिल्या दिवशी सगळ्या बायकांनी टोकन घेतलं. टोकनच्या रंगाचं कौतुक केलं. आणि टोकन घेऊन तिथंच बसल्या.

"मावशी, घरी जावा की," प्रथमेश म्हणाला.

"आणि माझी मिरची?"

"ती हितंच हाय की."

"म्हणूनच बसलोय!"

दुसऱ्या दिवशी बायका जोडीनं आल्या. एक टोकन सांभाळायला, एक मिरची सांभाळायला. रांग दुप्पट! डंकाच्या धडधडीवर आवाज चढवून जाऊबाई ओरडल्या, "तुझी डिग्री हुईस्तवर माझा डंक बंद पडतोय बघ!"

*

तोंडी परीक्षेला दुसऱ्या कॉलेजच्या मॅडम आल्या. राहायला इथंच, पण बोलणं एकदम पुस्तकी. कडक इस्त्रीची कॉटनची साडी. आमचे सर कोपऱ्यात घाम पुसत उभे.

"प्रतीक्षेचा कालावधी किती कमी झाला?"

सानिकानं माझ्याकडं बघितलं. प्रथमेशनं पंख्याकडं.

"वाढला, मॅडम," मी म्हटलं. "बायका उठतच नाहीत."

"अशक्य! टोकन हातात असताना माणूस विनाकारण बसून का राहील? तुमची अंमलबजावणी कच्ची आहे. असा प्रोजेक्ट मी उत्तीर्ण कसा करू?"

मला डोळ्यांसमोर पाटील दिसला. खुर्चीत, पाय पसरून. म्हटलं, पडायचंच आहे तर जोरात पडू.

"मॅडम, मार्क सोमवारी भरा. रविवारी डंकावर या आणि स्वतः बघा. तुमची यंदाची चटणी झाली का?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "व्हायची आहे."

रविवारी मॅडम खरंच आल्या, भलामोठा डबा घेऊन. मिरची पाटीत ओतली. मी माझ्या हातानं टोकन दिलं. "आता घरी जावा मॅडम. मेसेज येईल."

"अर्थातच," म्हणाल्या. टोकन पर्समध्ये टाकलं, गॉगल लावला आणि चालू लागल्या. फाटकापाशी थांबल्या. मागं वळून बघितलं. गॉगल काढला. परत आल्या. भिंतीकडेचा तेलाचा रिकामा डबा उपडा घातला, पदर खोचला आणि त्यावर बसल्या.

प्रथमेश पुढं झाला. "मॅडम, काय राहिलं का?"

"न्हाय," मॅडम म्हणाल्या. "ती शेजारची पाटी आधी लांब सार बघू. त्यांची संकेश्वरी दिसतीया, माझी निवडून आणलेली ब्याडगी हाय!"