जुळल्यापासून बारा

आमच्या घरात घोडीचं वय जन्मापासून कधी मोजलंच नाही. तोंडात सगळे पक्के दात आले की घोडी जुळली, आणि तिथून पहिलं वर्ष धरायचं. त्याआधीचं शिंगरू जगतंय की मरतंय कोणाला माहीत, त्याची वर्षं कशाला मोजा, असा त्यामागचा विचार. माळेगावच्या जत्रेत आबा, म्हणजे माझे वडील, याच मापानं बोलायचे आणि समोरचाही याच मापानं ऐकायचा. कोणाचंच काही अडत नव्हतं. अडलं ते मी डॉक्टर आणल्यावर.

रेणापूरजवळच्या आमच्या ठाणावर तेव्हा एकच घोडी उरली होती, पंचकल्याणी. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. आमच्या भागातले किती नवरदेव तिच्यावर बसून मांडवात गेले असतील, याला गणती नाही. पण तिला स्वतःला एकही शिंगरू नव्हतं. घोडी माजावर येते ते दिवस आणि लग्नाचे दिवस एकच, आणि आबा दरवर्षी म्हणायचे, "एवढी सराई होऊ दे, मंग बघू." मग एका वरातीत ती नाचता नाचता अडखळली. त्या दिवशी आबा घरी येऊन जेवले नाहीत.

"हिचं कायतरी मागं ऱ्हायला पायजे माय," एवढंच मला म्हणाले.

मी नांदेडला शाळेत शिकवते. पण त्या दिवशी घरी होते आणि तिथंच ठरवलं, शिंगरू होणार. मी एकदा ठरवलं की घरातलं कोणी माझ्या नादी लागत नाही.

डॉक्टर लातूरहून यायचे. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, वय किती. "बारा," आबा म्हणाले. डॉक्टरांनी दात बघायला हात पुढे केला, पण पंचकल्याणीनं अनोळखी माणसाला तोंडाजवळ येऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी आबांचा शब्द प्रमाण मानला. लांबच्या एका नामी घोड्याचं गोठवलेलं वीर्य मागवलं आणि माज बघून भरलं. राहिलं नाही. पुढच्या माजाला पुन्हा भरलं. तेही राहिलं नाही. या खेपेला सोनोग्राफीत गर्भाशयात पाणी साचलेलं दिसलं. डॉक्टरांना तिच्या वयाची शंका आली. मग त्यांनी आबांना घोडी धरायला लावली आणि तिचा ओठ वर केला.

"वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची ही उभी रेघ बघा. अर्ध्याच्या खाली उतरलीय. बाराव्या वर्षी ती जेमतेम सुरू होते."

"म्या काय खोटं बोललो का? जुळल्यापासून बारा हायेत."

"आणि जुळली कितव्या वर्षी?"

"पाचव्या. समद्याच जुळत्यात की."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मला आबांचा राग आला, आणि त्यांचा निरागस चेहरा बघून हसूही आलं.

वय झालेल्या घोडीचं, त्यातही कधीच न व्यालेल्या घोडीचं, गर्भाशयाचं तोंड नीट उघडत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. रेतनानंतर आत जे पाणी जमतं ते तरुण घोडी बाहेर टाकते, म्हातारी आतच ठेवते. सतरा ठाऊक असतं तर त्यांनी पहिल्याच वेळी गर्भाशय धुतलं असतं आणि गोठवलेल्याऐवजी ताजं वीर्य वापरलं असतं. आता खात्रीचा नाही, पण बरा उपाय एकच होता. गर्भ धरला की आठवड्याभरात तो धुऊन बाहेर काढायचा आणि तरुण घोडीच्या पोटात ठेवायचा.

"पण पोट उसनं मिळतं, बीज मिळत नाही," डॉक्टर म्हणाले. "घोडी जन्मते तेव्हाच तिची बीजं तिच्या पोटात असतात. म्हणजे तीही सतरा वर्षांचीच."

आबांना वेगळीच शंका होती. "दुसरीच्या पोटात वाढल्यावर ते हिचं कसं म्हनायचं?"

"मला आत्यानं दूध पाजलं. मग मी तिची झाले का?"

"थोडी झालीस," आबा म्हणाले. "म्हून तर यवढी हट्टी हायेस."

गावातल्याच एकांची तरुण तांबडी घोडी मागून आणली. दोघींचा माज एका वेळी यावा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. त्या सराईत आम्ही एकही वरात घेतली नाही. गावात बँड वाजला की पंचकल्याणी ठाणावरच पाय उचलायची, आणि आबा उठून आत जायचे. मला वाईट वाटायचं, पण मी तिला सोडू दिलं नाही.

पहिल्या वेळी गर्भाशय धुऊन आलेल्या पाण्यात काहीच सापडलं नाही. डॉक्टर अवघडून म्हणाले, "ताई, आता राहू द्या." मी म्हटलं, अजून एक माज आहे. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी हात जोडले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या वेळी एक गर्भ सापडला. एकच. तो तांबडीच्या पोटात ठेवला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर सोनोग्राफी करायला आले. पडद्यावर एक काळा गोल ठिपका दिसला. "राहिलंय," ते म्हणाले, "पण म्हाताऱ्या घोडीचं बीज आहे. पुढचा महिनाभर जीव मुठीत धरूनच काढायचा." मला रडू फुटलं, ते मी लपवलं नाही. आबा पडद्याला नाक लावून उभे होते.

"याचं वय काय झालं आज?" त्यांनी विचारलं.

"दोन आठवडे म्हणा."

आबा बाहेर आले आणि पंचकल्याणीची मान खाजवत उभे राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं थांबून विचारलं, घोडी देखणी आहे, वय काय?

"सतरा," आबा म्हणाले. "अन् तिचं लेकरू दोन हप्त्याचं हाय."