तेल टाकलं का?

माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, मोटारसायकल माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. टू-स्ट्रोक असल्यामुळे तिच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. पिस्टनला मिळणारं तेल तेवढंच. मागच्या कॅरियरला दावी, कासरे, वेसणी आणि बैलांचे गोंडे बांधून दादांनी जन्मभर आठवडी बाजार केले. त्याच गाडीवर मागे बसून मी कॉलेजला गेलो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. आज हायस्कुलात विज्ञान शिकवतो.

सेनगावला बसस्टँडच्या मागे एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं गाड्या दुरुस्तीचं टिनाचं दुकान आहे. ते कुणाला रामराम करत नाहीत. गाडी दारात थांबली की आतूनच विचारतात, "तेल टाकलं का?" माझ्या बी.एस्सी.च्या शेवटच्या पेपरच्या सकाळी आमच्या गाडीचा प्लग गेला होता. मिस्त्रींनी स्वतःच्या गाडीचा प्लग काढून आमच्या गाडीला लावला आणि दादांना म्हणाले, "पळव लवकर. मी जातो आज पायी." तो पेपर मला देता आला तो त्यांच्यामुळे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी गाडीला बोअर मारून नवा पिस्टन बसवला. देताना बजावलं, "नवा पिस्टन हाय सर. लिटरला तीनच्या जागी चार झाकणं तेल टाका. आन् पळवू नका."

आठवड्याने मी शाळेच्या कामासाठी कनेरगाव नाक्याला गेलो. परतताना टाकी जवळजवळ रिकामी होती, म्हणून पंपावर थांबलो. पूर्वी पंपावरच तेल मिसळून मिळायचं; आता बाटली आपली आपण बाळगावी लागते. दादांची बाटली खोकल्याच्या औषधाची. तिच्यावर काळ्या बोटांचे ठसे, मापाला तिचंच झाकण. ती टूलबॉक्समध्ये होती. माझ्या मागे रांगेत एका विद्यार्थ्याच्या वडिलांची नवी कार होती. त्यांनी काच खाली करून "नमस्कार सर" म्हटलं. माझ्या अंगात पांढरा शर्ट होता. टूलबॉक्सवर ठेवलेला हात मी मागे घेतला. घरी जाऊन टाकू, एवढ्याशा अंतराने काय होतंय, असं स्वतःला सांगितलं आणि नुसतं पेट्रोल भरून निघालो.

सेनगावच्या अलीकडे चढावर इंजिनाचा आवाज आवळल्यासारखा झाला आणि मागचं चाक जागीच अडलं. गाडी फरफटत थांबली. पडलो नाही. किकवर उभा राहिलो तरी ती खाली जाईना.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला आजही हात अडतो. रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग बाटली काढली आणि लिटरमागे मोजून चार-चार झाकणं तेल टाकीत टाकलं.

गाडी टेम्पोत घालून दुकानात आणली. दादाही आले. मिस्त्रींनी इंजिन खोललं. पिस्टनवर उभ्या रेघा पडल्या होत्या, नखांनी ओरबाडल्यासारख्या. त्यांनी आत बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. मग टाकीचं झाकण उघडून वास घेतला; तिथे मात्र तेलाचा वास होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, तेल टाकलं व्हतं?"

"टाकलं होतं," मी म्हणालो.

दादा भडकले. "सायन्सचा मास्तर हाय त्यो! त्याला काहून इचारून राहिला? तुझा हात आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई, ते कबूल कर की!"

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यातला एक हसला. मिस्त्रींनी पिस्टन फडक्यावर ठेवला.

"असंल," ते म्हणाले. "पिस्टन टाइट बसला असंल माझ्याकून."

त्यांनी सगळं काम पुन्हा केलं. दादा मात्र थांबले नाहीत. सेनगावच्या बाजारात दाव्यांच्या ढिगामागे बसून येईल त्याला सांगायचे, "तिकडं नका नेऊ गाडी. नजर गेली त्याची." रविवारी मी त्यांच्या शेजारीच बसलेला असायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. हळूहळू जुन्या गाड्या हिंगोलीला जायला लागल्या. शाळेतून येताना मला मिस्त्री दुकानाच्या दारात नुसते बसलेले दिसायचे. मी वाट बदलली.

दरवर्षी दसऱ्याला दादा गाडी धुऊन, हार घालून सेनगावला जायचे आणि आपट्याचं पहिलं पान मिस्त्रींच्या हातावर ठेवायचे. यंदा गाडी धुऊन झाली, हार घातला आणि दादा म्हणाले, "तिकडं न्हाई जायचं."

तेव्हा मला राहवलं नाही. पंप, बाटली, पांढरा शर्ट, नंतर ओतलेलं तेल, सगळं सांगितलं. दादा हातातलं ओलं फडकं पिळत राहिले. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

"मला एकट्याला सांगून काय उपेग?" शेवटी ते म्हणाले. "मी चार माणसांत बोललो. तू बी चार माणसांत बोल. चल."

सणामुळे दुकानात गर्दी होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं. एकजण म्हणाला, "वा सर! पोरायला बी हेच शिकवता का?" सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. दादांनी त्यांच्या हातावर पान ठेवलं. "शिव्या दे मला," एवढंच म्हणाले.

"सणासुदीला? मंग देतो, उद्या ये," मिस्त्री म्हणाले. "आधी चहा सांग."

मी त्यांना हळूच विचारलं, "तुमाला तवाच कळलं होतं ना? मग बोलला काहून न्हाईत?"

"तुमचे दादा उभे व्हते ना तिथं," ते म्हणाले.

दादांचं आणि त्यांचं पहिल्यासारखं झालं. दादा आता बाजारात आपणहून सांगतात की चूक पोराची होती. काही गाड्या परत आल्या, काही आल्या नाहीत.

मीही गाडी तिथेच नेतो. दुसरं कोणी आलं की मिस्त्री आतून विचारतात, "तेल टाकलं का?" मला विचारत नाहीत. उठून बाहेर येतात, टाकीचं झाकण काढतात, त्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवतात आणि दोन बोटांत चोळून पाहतात. तोवर मी गाडीवरून उतरून बाजूला उभा राहतो.