जाऊबाईंच्या साडीचा धागा

लग्न होऊन मी बनारसला आले तेव्हा आईने तिची अंजिरी रेशमी साडी मला दिली होती. पहिल्याच वर्षी थोरल्या जाऊबाईंनी ती न विचारता कपाटातून काढली, एका लग्नाला नेसल्या आणि खराब भाग आत जाईल अशी घडी घालून परत ठेवली. महिनाभराने मला दिसलं. पदराखाली वीतभर सूत ओढलं गेलं होतं, तीन ठिकाणी धाग्याचे फासे लोंबत होते. मी विचारलं, तर सगळ्यांसमोर हसल्या. "तुझ्या माहेरची साडी! ती किती टिकणार?" सासूबाईही हसल्या.

ती साडी मी दुपारी दुपारी बसून नीट केली. ओढलेल्या धाग्याच्या दोन्ही बाजूंचं कापड चिमटीत धरून हलके हलके ताणायचं, म्हणजे सूत आपल्या जागी परत सरकतं. उरलेला फासा बारीक सुईने उलट्या बाजूला ओढून घ्यायचा. एक गोष्ट मात्र कधी करायची नाही. फासा कापायचा नाही. कापला की तिथली वीण सैल होते आणि ताण बसला की उसवते. हात बसल्यावर मुन्शी घाटाच्या गल्लीतल्या बायका मला साड्या आणून देऊ लागल्या.

मागच्या वर्षी जाऊबाईंच्या नातवाची मुंज होती. सकाळी मुहूर्ताला तासभर असताना त्या माझ्याकडे आल्या, मोरपंखी रंगाची नवी साडी नेसून. बांगडीत अडकून मांडीवर मोठा फासा निघाला होता.

"अगं, हे बघ ना. जल्दी कर, देर होतेय."

"ताई, साडी सोडून माझ्याकडे द्यावी लागेल. वीस मिनिटं लागतील."

"वीस मिनिटं? कापून टाक ना सरळ! एवढ्याशा धाग्याचं काय कौतुक!"

कात्री हातातच होती. काय होईल ते मला पक्कं ठाऊक होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बरं," आणि कापला. कात्रीचा तो कच्च आवाज मला फार गोड लागला.

भिक्षावळीच्या वेळी लाडू घालायला त्या वाकल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. उठल्या तेव्हा मांडीवर हाताच्या पंजाएवढी फट पडली होती आणि आतला पांढरा परकर दिसत होता. फोटोवाला समोरच होता. व्याह्यांकडच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. जाऊबाईंनी ताट पुढे धरून जेवणं होईपर्यंत मांडी झाकली. मी त्या दिवशी दोनदा श्रीखंड मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन दुकानात गेल्या. "माल खोटा दिलात!" म्हणून भांडल्या. म्हातारा दुकानदार साडी उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा बघत होता. त्याला कापलेलं टोक सापडलं. त्याने चष्म्यावरून आधी जाऊबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात जोडून त्याने दुसरी साडी काढून दिली.

त्या म्हाताऱ्याचं मला आजही वाईट वाटतं. जाऊबाईंचं नाही.