बुधवारच्या जेवणातलं बेपत्ता कुटुंब

वर्ना हॅलोरन रागावली की भांडी घासायला घेते. त्या सोमवारी तिनं वॅराबिन गावातल्या चर्चच्या कुटुंबसेवा केंद्रातले सगळे कप दोनदा घासले, आणि ओल्याच हातांनी फाइल उचलून केंद्रप्रमुख रसेलसाहेबांच्या खोलीत शिरली.

एकोणीस वर्षं तिनं या केंद्राची गाडी लाल मातीच्या रस्त्यांवरून हाकली. कोणाच्या घरात दूध नाही, कोणाचा नवरा हात उगारतो, हे तिला चर्चमधल्या फादरच्या आधी कळायचं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती आठ आठवडे काय गेली, तेवढ्यात या शहाण्यांनी मर्टल आंटीची फाइल बंद केली.

मर्टल आंटी इथल्या मूळच्या आदिवासी लोकांपैकी. लेक मूत्रपिंडाच्या आजारानं दूर शहरात डायलिसिसवर, म्हणून तीन नाती आंटीकडे. केंद्राची माणसं नियमित भेटत राहतील, एवढ्या अटीवर बालकल्याण खात्यानं मुली तिच्याकडे ठेवल्या होत्या. आता खात्याला पत्र गेलं होतं: ‘तीन भेटी, घर बंद, कुटुंब सहकार्य करत नाही.’ शुक्रवारी सुनावणी. मुली जाणार होत्या अनोळखी घरात, कदाचित तीन वेगवेगळ्या घरांत.

“घर बंद होतं कारण त्या घरात तिचा भाऊ वारला!” वर्ना म्हणाली. “मयत झालेल्या घरात ही माणसं राहत नाहीत. पाल्याचा धूर देऊन घर शुद्ध झालं की मगच परततात. गावातलं शेंबडं पोर सांगेल.”

“भेटींना जाणारी टीगन नवीन आहे,” रसेल म्हणाला. “तिनं नियम पाळला. तीनदा गेली, तीनदा चिठ्ठी सोडली.”

“आणि शेजारी विचारायला जीभ नव्हती?”

“कुटुंबाचं नाव शेजाऱ्यांपाशी काढायचं नाही. गोपनीयता, वर्ना. तूच शिकवतेस सगळ्यांना.”

हे मात्र खरं होतं, आणि त्यानं ती आणखीच भडकली. तणतणत ती मागच्या हॉलमध्ये गेली. दर बुधवारी केंद्र तिथं गावाला जेवू घालतं. जेवण वाढणारी म्हातारी ग्वेन बटाटे सोलत होती.

“मर्टल कुठे राहते गं हल्ली?”

“बहिणीकडे. दोन गल्ल्या सोडून. का?” ग्वेननं मान वर केली. “दर बुधवारी येते की मुलींना घेऊन. त्या खिडकीपाशी बसतात. धाकटी गाजरं काढून ठेवते, लबाड.”

खिडकीतून रसेलचं टेबल दिसत होतं. वर्नाला खुर्ची उचलून फेकावीशी वाटली.

शुक्रवारी खात्याच्या बाईंनी आंटीलाच विचारलं, “तुम्ही कुठे आहात हे केंद्राला का कळवलं नाहीत?”

आंटीनं रसेलकडे पाहिलं. “कळवायचं काय त्यात? दर बुधवारी त्यांच्याच हातचं जेवत होते. हा साहेब ‘कशा आहात’ म्हणायचा. मला वाटलं, आम्ही दिसतोय.”

रसेल कागद चाळत म्हणाला, “कार्यपद्धती पाळली गेली होती.”

“चुलीत घाला ती कार्यपद्धती!” वर्ना उठलीच. “बाई, लिहून घ्या. कुटुंब बेपत्ता नव्हतं, आम्ही आंधळे होतो. नाव काढू नका, हे मीच शिकवलं. घरात मयत असेल तर काय करायचं, ते एकोणीस वर्षांत शिकवलं नाही. माझी सही घ्या.”

मुली आंटीकडेच राहिल्या. बाहेर आल्यावर वर्नाला हायसं वाटलं. “सोमवारी येते गं भेटायला.”

“कोण येणार?” आंटीनं विचारलं. “तू, की ते केंद्र?”

सोमवारी वर्नानं केंद्राची गाडी आवारातच ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्यानं चालत आंटीच्या बहिणीचं घर गाठलं. आंटीनं तिला पाहिलं. आत जाऊन चहा करून आणला, दोन चमचे साखर घालून, वर्नाला लागतो तसाच. कप तिनं फाटकावरून दिला. फाटक काही उघडलं नाही.